उतरवलेली रेषा

प्रोजेक्टर लावून कॅनव्हासवर चित्र उतरवणाऱ्याला मी चित्रकार मानत नसे. हे मत मी कधी लपवलं नाही. वर्गात सांगितलं, प्रदर्शनांत बोलून दाखवलं, स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले तेव्हा गुण देतानाही पाळलं. एखाद्या चेहऱ्याची आउटलाइन फारच बिनचूक दिसली, तिच्यात कुठे चाचपडल्याची खूणच नसली, की मला शंका यायची आणि ते चित्र माझ्यापुरतं बाद व्हायचं. आज मी तसं करत नाही. मत एका दिवसात बदललं नाही आणि पार उलटंही झालं नाही. पण ज्यांना इतकी वर्षं एक सांगत आले त्यांना आता दुसरं सांगायचं, तर कारणंही मोकळेपणाने मांडायला हवीत.

माझं शिक्षण कोल्हापूरच्या वळणातलं. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर ही नावं घेतल्याशिवाय इथे चित्रकलेचं बोलणं सुरूच होत नाही. आबालाल रंकाळ्याच्या परिसरात फिरून समोरचा उजेड कागदावर घेत राहिले, ही गोष्ट आम्ही एखाद्या संताच्या चरित्रासारखी ऐकली. सरांनी आम्हाला त्याच श्रद्धेने शिकवलं. हात सरळ लांब करून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा, डोक्याची उंची मोजायची आणि ती अख्ख्या आकृतीत किती वेळा बसते ते पाहायचं. डोळे बारीक करून छाया-प्रकाशाचे मोठे भाग पाडायचे. रेषा चुकली तर लगेच खोडायची नाही. शेजारी दुसरी टाकायची, म्हणजे पहिली कुठे घसरली ते दिसत राहतं. या शिस्तीने माझे डोळे घडले. तिच्यावरचा माझा विश्वास आजही तसूभर कमी झालेला नाही, हे आधीच सांगते. कारण मत बदललं म्हटलं की लोकांना वाटतं, शिस्त सुटली.

प्रश्न उभा राहिला तो पोटापाण्याच्या कामातून. आपल्याकडे पोर्ट्रेट करणाऱ्याला माणूस समोर बसवून चित्र काढण्याची संधी क्वचितच मिळते. बहुतेक कामं गेलेल्या माणसांची असतात. शाळेचे संस्थापक, पतसंस्थेचे पहिले अध्यक्ष, कुणाची आजी. घरचे लोक पासपोर्ट फोटो घेऊन येतात. कधी लग्नाच्या ग्रुप फोटोतला नखाएवढा चेहरा दाखवतात आणि तीन फुटी कॅनव्हास मागतात. ‘अगदी तसेच दिसले पाहिजेत’ एवढीच त्यांची अट असते, आणि ती रास्त असते. अशा कामाला मी नेहमी ग्राफ टाकत आले. फोटोवर पारदर्शक फिल्म ठेवायची, तिच्यावर बारीक पेनाने चौकटी आखायच्या, त्याच प्रमाणात कॅनव्हासवर चारकोलच्या मोठ्या चौकटी, आणि मग एकेका चौकटीतली रेषा तिच्या जागी न्यायची. ही पद्धत शाळेपासून सगळ्यांना ठाऊक आहे. सिनेमाचे प्रचंड बॅनर रंगवणाऱ्या पेंटरांनी छोट्या स्टिलवरून वीस-वीस फुटी चेहरे याच रीतीने उभे केले. तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवणाऱ्या हुसेनांच्या हाताला कुणी खोटं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

एका विद्यार्थ्याने विचारलं, “मॅडम, ग्राफ चालतो, मग प्रोजेक्टर का नाही?”

मी म्हटलं, “ग्राफमध्ये मेहनत आहे.” तो गप्प बसला, पण मला ते उत्तर पुरेना. ग्राफने मी काय करत होते? फोटोतली मापंच कॅनव्हासवर नेत होते. प्रोजेक्टर तेच करतो. फरक वेळेचा. ग्राफ टाकायला अख्खा दिवस जातो, प्रोजेक्टरचं काम तासाभरात आटपतं. म्हणजे मी संथपणाला प्रामाणिकपणा समजत होते का? जे काम वेळ खातं ते खरं आणि जे झटपट होतं ते खोटं, हा निकष मी स्वयंपाकाला लावत नाही, प्रवासाला लावत नाही. मग चित्रालाच का?

उत्तर शोधायला पुस्तकांकडे वळले, तर माझाच आक्षेप जवळजवळ सहाशे वर्षांपूर्वीचा निघाला. लिओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने १४३५ मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहिला. त्यात विरळ विणीच्या पडद्याची युक्ती आहे: पातळ कापडावर जाड धाग्यांच्या चौकटी करायच्या, ते कापड चित्रकार आणि समोरचा विषय यांच्यामध्ये ताणायचं आणि चौकटी बघून रेखाटन करायचं. अशा साधनाची सवय लागली की त्याच्यावाचून हात चालत नाही, असं म्हणणारे लोक त्याही काळी होते. आल्बेर्तीने त्यांची नोंद घेतली आहे आणि त्यांचं म्हणणं मानायला साफ नकार दिला आहे. मी वर्गात जे बोलत होते ते याच लोकांचं म्हणणं होतं.

पण युक्तिवादाने माझं मन फारसं हललं नाही. हललं ते एका रेखाटनाने. रॅफेलच्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’साठीचं पूर्ण मापाचं कच्चं चित्र मिलानच्या अँब्रोसियाना संग्रहालयात आहे. कागदाला कागद चिकटवून केलेलं, सुमारे आठ मीटर लांबीचं. त्यातल्या रेषांवरून सुईने टोचलेली भोकं गेली आहेत. ओल्या गिलाव्यावर रंगवायचं तर एका दिवसाच्या कामापुरताच गिलावा लावतात आणि तो वाळायच्या आत रंग संपवतात. परांचीवर उभं राहून तिथल्या तिथे आकृती शोधत बसायला सवड नसते, मागे सरून अख्खं चित्र बघायला जागा नसते. म्हणून सगळा शोध खाली, कागदावर, सावकाश पुरा करायचा. मग त्या भोकांतून कोळशाची पूड झाडून तो भिंतीवर न्यायचा. रॅफेलने तर हा मूळ कागद भिंतीला लावून खराबही होऊ दिला नाही. खाली दुसरे कागद ठेवून ते टोचून घेतले आणि कामासाठी तेच वापरले.

या कागदावर मात्र एक माणूस नाही. अगदी पुढे, दगडी ठोकळ्यावर कोपर टेकून विचारात बुडालेला हेराक्लिटस भिंतीवर आहे आणि कागदावर नाही. तो रॅफेलने नंतर, त्या जागी नवा गिलावा लावून घातला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. भिंत रंगवून झाल्यावर त्याच्या डोळ्यांना पुढचा मधला भाग रिकामा वाटला असणार, आणि त्याने गिलावा फोडून माणूस बसवला. एवढी मोठी तयारी केलेल्या, भोकाभोकाने उतरवलेल्या चित्रातही शेवटचा शब्द डोळ्यांचाच राहिला.

हे सगळं इटलीतलं म्हणून बाजूला सारावं, तर तीही सोय नव्हती. आपल्याकडच्या लघुचित्रांच्या कारखान्यांत, मुघल, राजस्थानी, पहाडी, सगळीकडे हीच रीत चालत होती. हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्यावर मूळ चित्राच्या रेषा गिरवून घ्यायच्या, हा चरबा. रेषांवर सुईने भोकं पाडायची, कोळशाची पूड पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून वरून थापटायची, आणि खालच्या कागदावर ठिपक्या-ठिपक्यांचा खाका उमटायचा. चित्रकारांच्या घरांत असे चरबे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले जात. बापाचा चरबा मुलाने वापरला तरी चित्र मुलाचं होत असे. बुंदक्यांवरून फिरणाऱ्या कलमाचा दाब, पदराची सळ, डोळ्याच्या कडेची बारीक वळणं खाक्यात नसतातच. आणि ही रीत आजही जिवंत आहे. आपल्याच गल्लीत साडीवर भरतकाम करणारी बाई टोचलेला ट्रेसिंग पेपर कापडावर ठेवून रॉकेलात कालवलेली पावडर फिरवते. तिच्या टाक्यावर आपण कधी शंका घेतली आहे?

इथपर्यंत येऊनही मनात एक गाठ होतीच. रॅफेल, पहाडी चितारी हे स्वतःचं किंवा स्वतःच्या घराण्याचं रेखाटन उतरवत होते. फोटो उतरवणं वेगळं. ही गाठ सोडवायला मला थॉमस एकिन्सची मदत झाली, आणि त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्याची गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

एकिन्स फिलाडेल्फियाचा. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी वास्तववादी चित्रकारांत त्याचं स्थान फार वरचं. पेनसिल्व्हेनिया अकादमीत त्याने विद्यार्थ्यांकडून शरीरशास्त्र इतकं कसून करून घेतलं की त्यांना शवविच्छेदनही करावं लागे. मुली बसलेल्या वर्गात त्याने पुरुष मॉडेलचं लंगोटवजा वस्त्र काढलं. शरीर शिकायचं तर पूर्ण शिकायचं, एवढाच त्याचा आग्रह होता. त्यावरून गदारोळ झाला आणि १८८६ मध्ये त्याला अकादमी सोडावी लागली. डोळ्यांनी बघा, नीट बघा, हे सांगण्यापायी पद गमावलेला हा माणूस. २००१ मध्ये फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टमध्ये त्याच्या चित्रांची तपासणी करणाऱ्या संवर्धकांना रंगाच्या थरात टोकदार हत्याराने काढलेले अगदी सूक्ष्म ओरखडे सापडले. ‘मेंडिंग द नेट’ हे १८८१ मधलं जाळं दुरुस्त करणाऱ्या कोळ्यांचं चित्र त्यांतलंच. ते ओरखडे त्याने स्वतः काढून घेतलेल्या फोटोंशी जुळत होते. त्याने फोटो दिव्याने कॅनव्हासवर पाडले होते, नेमक्या जागांच्या खुणा करून घेतल्या होत्या आणि वर रंग चढवून त्या झाकल्या होत्या. शंभराहून अधिक वर्षं हे कुणालाही कळलं नाही.

मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला फसवलं गेल्यासारखं वाटलं. मग मी ते चित्र पुन्हा, खुणा कुठे आहेत हे डोक्यात ठेवून पाहिलं. एका फोटोत हे चित्र कुठेच नाही. वेगवेगळ्या फोटोंतली माणसं त्याने निवडली, लहानमोठी केली, एका क्षितिजाखाली, एका उजेडात उभी केली. तो उजेड कुठल्याही फोटोत नव्हता. एका उजेडात अनेक माणसं बसवणं किती कठीण असतं हे ज्याने केलं आहे त्यालाच कळेल. सावलीची एक कड चुकली तरी माणूस कागद कापून चिकटवल्यासारखा दिसतो. हे करायला एकिन्सला त्याचं सगळं शरीरशास्त्र आणि सगळं यथार्थदर्शन लागलं असणार. प्रोजेक्टरने त्याला फक्त जागा दिल्या.

मला अस्वस्थ करतं ते त्याचं लपवणं. इतक्या निर्भय माणसाला हे उघडपणे सांगता आलं नाही, कारण सांगितलं असतं तर माझ्यासारख्या परीक्षकांनी त्याला बाद केलं असतं. माझ्या वर्गातही कुणी ना कुणी तेच करत असणार, घरी प्रोजेक्टर लावून, खुणा पुसून, माझ्यासमोर मुद्दाम दोन चाचपडत्या रेषा टाकून. कडक नियमाने प्रामाणिकपणा वाढतो असं मी धरून चालले होते. इथे तो नियमच लपवायला शिकवत होता.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. १८३३ मध्ये इटलीतल्या कोमो सरोवराकाठी विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट हा इंग्रज गृहस्थ कॅमेरा ल्यूसिडा घेऊन चित्रं काढायला बसला. दांडीवर बसवलेला लहानसा प्रिझम. त्यातून पाहिलं की समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दिसतं आणि ते गिरवता येतं. विल्यम वोलस्टनने १८०६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. टॅलबटला दृश्य स्वच्छ दिसत होतं, पेन्सिल हातात होती, तरी कागदावर उमटलेलं बघून तो निराश झाला. हाताविना प्रतिमा कागदावर टिकवता येईल का, या विचाराने तो पुढे फोटोग्राफीच्या शोधाकडे वळला. गिरवता आलं की चित्र येतं असं असतं, तर टॅलबटला दुसरी वाट शोधावीच लागली नसती.

हे सगळं वाचून झाल्यावर मी वर्गात एक प्रयोग केला. एकच फोटो, एकच प्रोजेक्टर, एकाच मापाचे कॅनव्हास. फोटो एका वृद्ध शेतकऱ्याचा, माझ्याच कॅमेऱ्यातला, एका बाजूने ऊन पडलेला. जुने विद्यार्थी आणि अगदी नवे, दोघांनीही अंधारात तो गिरवला आणि मग दिवे लावले. नव्यांच्या कॅनव्हासवर रेषांचं जाळं होतं आणि सगळ्या रेषा सारख्याच होत्या. गालाचं हाड जिथे वळतं ती कड, नाकाची गालावर पडलेली सावली, नुसती सुरकुती आणि फेट्याच्या कापडाची घडी, सगळं एकाच जाडीत. रंग लावायला घेतला तेव्हा त्यांना कळेना की यातली कुठली रेषा हाडाची आणि कुठली केवळ उन्हाची. उन्हाची कड मऊ करायला हवी होती, ती त्यांनी कोरली. हाडाची पक्की हवी होती, ती विरघळून गेली. जुन्या विद्यार्थ्यांनी मुळात कमी रेषा घेतल्या होत्या. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठांची मधली रेघ, कानाचं वरचं-खालचं टोक, हनुवटी, फेट्याची बाहेरची वळणं. बाकीचं त्यांनी उजेडात, फोटो बाजूला ठेवून काढलं. त्या चित्रांतला माणूस वेगवेगळा दिसत होता, आणि प्रत्येकात तो जिवंत होता.

पेणच्या गणपतींच्या कारखान्यात एका साच्यातून कितीतरी मूर्ती निघतात. पण डोळ्यांची आखणी करायला जाणता हातच बसतो, आणि गिऱ्हाईक मूर्ती निवडतं ते ती आखणी बघून. प्रोजेक्टरने दिलेल्या जागांचं आणि चित्राचं नातं मला साधारण तसं वाटतं.

आणखी एक गोष्ट या प्रयोगानंतर मी आवर्जून शिकवायला लागले. भिंगाने टिपलेलं डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. मोबाइल हातभर अंतरावर धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं, कान मागे जातात, कपाळ फुगतं. पोर्ट्रेटसाठी आपण माणसापासून सहा-आठ फुटांवर उभे असतो. तिथून तो तसा दिसत नाही. असा फोटो जसाच्या तसा मोठ्या कॅनव्हासवर उतरवला की घरचे म्हणतात, चित्र छान आहे पण बाबा वाटत नाहीत. त्यांना कारण सांगता येत नाही. चित्रकाराला सांगता आलं पाहिजे. शिवाय प्रोजेक्टर कॅनव्हासला काटकोनात नसेल तर चेहरा एका बाजूला पसरतो, आणि अंधारात तो पसरलेला आहे हे लक्षातही येत नाही. फोटोतल्या गडद सावल्यांत रंग मरतात. प्रत्यक्षात सावलीत निळा, जांभळा, मातकट, सगळं खेळत असतं. उतरवलेल्या रेषेवर विसंबायचं तर ती कुठे खोटं बोलते हे ओळखता यायला हवं, आणि ते ओळखायला सरांनी शिकवलेली पेन्सिल उभी धरण्याची शिस्तच लागते. माझी शिस्त वाया गेली नाही. तिची जागा मला नव्याने कळली.

म्हणून सुरुवातीच्या विद्यार्थ्यांना मी आजही प्रोजेक्टर देत नाही. पूर्वी नीतीचं कारण सांगायचे, आता शिकण्याचं सांगते. चेहरा तिरका गेला, डोळा वर चढला, हे स्वतःच्या चुकलेल्या रेषेत दिसतं आणि ती चूकच शिकवते. तयार रेषा ती चूक होऊच देत नाही. ज्याचा हात बसला आहे त्याने मात्र वेळ कुठे घालवायचा हे स्वतः ठरवावं. खांदा दुखतो म्हणून मोठ्या कॅनव्हासवर ग्राफ टाकणं अशक्य झालेले एक ज्येष्ठ चित्रकार आता प्रोजेक्टर वापरतात. त्यांच्या रंगांत पूर्वीपेक्षा जास्त धीटपणा आला आहे, आणि मला त्यांच्यासाठी मनापासून आनंद होतो.

दोन बाबतींत मी मागे हटलेले नाही. इंटरनेटवरून दुसऱ्याचा फोटो उचलून, परवानगी न घेता, उतरवणं ही चोरी आहे, मग ती ग्राफने करा किंवा प्रोजेक्टरने. फोटो काढणाऱ्याने उजेड निवडला, क्षण निवडला, चौकट निवडली. त्याचं नाव पुसून आपलं टाकायचा अधिकार कुणालाही नाही. आणि गिऱ्हाइकाने “पूर्ण हाताने काढलंय ना?” असं विचारलं तर खरं सांगायचं. मी सांगते: रेषा फोटोवरून उतरवल्या, दुरुस्त केल्या, रंग माझे. एवढ्याने काम परत गेल्याचं मला आठवत नाही.

हल्ली फोटो थेट कॅनव्हासवर छापून घेतात आणि वरून पारदर्शक रंगाचे दोन हात, चार जाड फटकारे मारून ‘ऑइल पेंटिंग’ म्हणून विकतात. तरुण मित्र मला म्हणतात, तुम्ही प्रोजेक्टर मान्य केलात, मग हेही करा. पायरी एकच पुढची आहे. मला ती पायरी पुढची वाटत नाही. खाक्यातून, ग्राफमधून, प्रोजेक्टरमधून कॅनव्हासवर जागा येते आणि बाकी सगळं रिकामं राहतं. सावली किती गडद, कड किती मऊ, कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी, हे सगळं अजून ठरायचं असतं आणि ते ठरवताना चित्रकार दर घटकेला चुकू शकतो. छापलेल्या कॅनव्हासवर हे सगळं आधीच ठरलेलं आहे. तिथे रंग लावणाऱ्याला चुकायलाही जागा उरत नाही. असं काम स्पर्धेत पेंटिंग म्हणून आलं तर मी त्याला गुण देणार नाही, आणि का नाही ते त्या मुलाला समोर बसवून सांगेन.